लंडन सिस्टिम शिकायला लिचेस पुरतं का?

बुद्धिबळात पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळायला एक भरवशाचं ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या चालींची ठरलेली रचना, हवंय आणि कोर्सवर पैसे घालायचे नाहीत, अशांनी लंडन सिस्टिम या ओपनिंगसाठी लिचेस ही बुद्धिबळाची साइट डोळे झाकून उघडावी. मात्र उघडल्यावर डोळे मिटून चालणार नाही. ही साइट धडा शिकवत नाही. फळा, खडू आणि लाखो डावांनी भरलेलं कपाट पुढ्यात ठेवते आणि बाजूला होते. त्या कपाटातून काय काढायचं हे कळलं तर १००० ते १७०० रेटिंगच्या खेळाडूला दुसरं काही विकत घ्यावं लागत नाही. नाही कळलं, तर महिनाभर भटकूनही हातात त्याच आठ चाली राहतात.

लिचेस २०१० मध्ये तिबो दुप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरने सुरू केलं आणि आज ते ना-नफा संस्था म्हणून चालतं. जाहिराती नाहीत, सशुल्क आवृत्ती नाही. देणगी देणाऱ्याला नावापुढे एक चिन्ह मिळतं, जास्तीची सोय नाही. खातं फुकट आहे आणि ते काढाच, कारण स्टडी, म्हणजे चालींची अध्यायवार वही, जपून ठेवायला ते लागतं. मेनू मराठीत करता येतो, पण लोकांनी बनवलेला मजकूर बहुतेक इंग्रजीतच आहे, म्हणून खाली बटणांची नावं इंग्रजी मेनूतली दिली आहेत.

आता लंडनकडे. रचना सगळ्यांना ठाऊक असते: प्यादी डी४, ई३, सी३ वर, काळ्या घरांवरचा उंट ई३ खेळण्याआधीच एफ४ वर बाहेर, घोडे एफ३ आणि डी२ वर, दुसरा उंट डी३ वर, मग कॅसलिंग. नाव १९२२ च्या लंडन स्पर्धेवरून आलं. बरीच वर्षं याला 'आळशी लोकांचं ओपनिंग' म्हणून हिणवलं जायचं. ते थांबलं, कारण वरचे खेळाडू ते गंभीरपणे खेळू लागले. २०२३ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत अस्तानात डिंग लिरेनने नेपोम्नियाचीविरुद्ध सहावा डाव याच रचनेने जिंकला. २०२४ मध्ये सिंगापूरला गुकेशविरुद्धच्या सहाव्या डावात त्याने दुसऱ्याच चालीला उंट एफ४ वर आणला. तो डाव बरोबरीत सुटला. दोन्ही डाव लिचेसवर मिळतात आणि दोन्ही बघण्यासारखे आहेत. पहिला का, ते पुढे येईल.

गोंधळ होतो तो 'समोरचा काहीही खेळो, आपण आपल्या चाली खेळायच्या' या प्रचारामुळे. हे धादांत चूक आहे आणि लिचेसचा ओपनिंग एक्सप्लोरर ते पाच मिनिटांत दाखवून देतो. अ‍ॅनालिसिस बोर्ड उघडा, पुस्तकाच्या चिन्हावर टिचकी मारा. तीन कप्पे दिसतात: मास्टर्स, लिचेस आणि प्लेअर. बहुतेक जण मास्टर्सवरच थांबतात, कारण नाव भारदस्त आहे. तिथे २२०० च्या वरच्या फिडे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ) रेटिंगवाल्यांचे प्रत्यक्ष पटावरचे डाव आहेत, म्हणजे तुमच्या समोर कधीच न बसणारी माणसं. आपल्या कामाचा कप्पा दुसरा. त्याच्या सेटिंगमध्ये बुलेट, म्हणजे सर्वांत झटपट डाव, काढून टाका, रॅपिड आणि ब्लिट्झ ठेवा, रेटिंग तुमच्या आसपासचे दोन गटच निवडा. मग १. डी४ खेळून काळ्याच्या उत्तरांची यादी वरून खाली वाचा. जे सर्वांत जास्त वेळा खेळलं जातं ते आधी शिका, ग्रँडमास्टर खेळतात ते नंतर.

इथे एक खबरदारी. चालीपुढची पांढरी-करडी-काळी पट्टी जिंकण्याचं प्रमाण दाखवते आणि मन लगेच तिच्या मागे धावतं. डावांची संख्या शंभराच्या आत असेल तर त्या पट्टीला काही अर्थ नाही. शिवाय एक्सप्लोरर चालींचा क्रम बघत नाही, पटावरची स्थिती बघतो. वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचलेले डावही त्यात मिसळलेले असतात. लंडनसारख्या ओपनिंगमध्ये, जिथे अर्धी गोम क्रमातच आहे, हे सतत लक्षात ठेवावं लागतं.

क्रमाची गोम म्हणजे काय? १. डी४ डी५ नंतर २. उंट एफ४ आणि ३. ई३ आधी, एफ३ वरचा घोडा नंतर. असं का? ई३ खेळल्यावर डी१ च्या वजिराची तिरपी रेघ एच५ पर्यंत मोकळी होते. काळ्याने एफ६ चा घोडा एच५ ला नेऊन उंटावर चाल केली तर वजीर तो घोडा फुकट उचलतो. तुम्ही घाईने घोडा एफ३ वर ठेवला असता तर ही रेघ बंद झाली असती आणि उंटाला जागा शोधत फिरावं लागलं असतं. उलट १. डी४ सी५ ला तुम्ही सवयीने २. उंट एफ४ खेळलात तर काळा डी४ खातो, तुमचा वजीर परत खातो, सी६ वर घोडा येऊन वजिराला हाकलतो आणि मग ई५ येऊन उंटालाही हाकलतो. दोन चाली काळ्याला फुकट. तिथे २. डी५ खेळावं. 'प्रत्येक वेळी उंट एफ४' म्हणणाऱ्यांचे व्हिडिओ या ठिकाणी गप्प असतात.

लिचेसचं खरं बलस्थान म्हणजे स्टडी. एका स्टडीत ६४ अध्याय बसतात; लंडनला आठ पुरतात. सार्वजनिक स्टडी शोधल्यात तर लंडनच्या ढिगाने सापडतील, पण त्या कोणीही बनवू शकतो आणि लाइक्सवरून वर येतात, अचूकतेवरून नव्हे. कित्येकांत काळ्याच्या वाईट चाली धरून पांढऱ्याचा विजय दाखवलेला असतो. त्या वाचा, हवं तर क्लोन करा, पण शिकण्यासाठी स्वतःची बनवा. प्रायव्हेट ठेवलीत तर कोणी बघत नाही, आणि बनवताना जे डोक्यात बसतं ते वाचून बसत नाही.

अध्याय पाडायचे ते काळ्याच्या उत्तरानुसार. पहिला, सर्वांत वारंवार येणारा: काळा घोडा एफ६, ई६, उंट डी६ खेळतो. इथे उंट डी६ वर अदलाबदल करू नका, तो जी३ वर मागे घ्या. काळ्याने तिथे खाल्ला तर एच-प्याद्याने परत खाऊन हत्तीला एच-फाइल, म्हणजे एच चा उभा स्तंभ, उघडी मिळते. मग उंट डी३, सी३, घोडा डी२, आणि संधी मिळताच घोडा ई५ वर. इथे वेळ घालवला, आधी एच३, मग कॅसलिंग, मग आणखी एखादी 'सुरक्षित' चाल केली, की काळा स्वतः ई५ ढकलतो आणि लंडनचा सगळा दरारा संपतो. घोडा ई५ वर बसल्यावर एफ४ ने त्याला टेकू द्या. काळ्याने घोडा खाल्ला तर एफ-प्याद्याने परत खायचं: एफ-फाइल उघडते, एफ६ च्या घोड्याला हलावं लागतं आणि राजा सोडला तर एच७ चा एकमेव राखणदार जातो. तिथून पुढे एच७ वर उंटाचा बळी द्यायची संधी शोधायची. पण वजीर एच५ ला पोहोचतोय आणि मदतीला आणखी एक मोहरं तयार आहे, या दोन गोष्टी तपासल्याशिवाय नाही.

दुसरा अध्याय सी५, घोडा सी६ आणि वजीर बी६ चा. लंडन खेळणाऱ्यांची सर्वांत जास्त पडझड इथेच होते, म्हणून यावर थांबू. १. डी४ डी५ २. उंट एफ४ घोडा एफ६ ३. ई३ सी५ ४. सी३ घोडा सी६ ५. घोडा एफ३ वजीर बी६. बी२ च्या प्याद्यावर हल्ला आहे, म्हणून ६. वजीर बी३. काळा सी४ ढकलतो, ७. वजीर सी२, आणि आता काळ्याचा उंट सरळ एफ५ वर येऊन बसतो. फुकट दिसतो. वजिराने खाल्ला की काळ्याचा वजीर बी२ खातो, आणि ए१ चा हत्ती कोपऱ्यात अडकलेला असतो: पुढे ए२ चं प्यादं, शेजारी बी१ चा न हललेला घोडा. उंटाच्या बदल्यात हत्ती जातो. म्हणून तिथे निमूट ८. वजीर सी१ खेळावं लागतं आणि काळा आरामात असतो.

आता हीच ओळ, फक्त पाचव्या चालीला घोडा एफ३ ऐवजी बी१ चा घोडा डी२ वर. पुढचं सगळं तेच: वजीर बी६, वजीर बी३, सी४, वजीर सी२, उंट एफ५. या वेळी उंट खा. काळ्याने बी२ खाल्लं की हत्ती बी१ वर सरकतो, कारण घर रिकामं आहे आणि डी२ चा घोडा त्याला राखतो. काळ्याला फार तर सी३ चं प्यादं मिळतं. तुमच्याकडे अख्खा उंट जास्त, त्याच्याकडे दोन प्यादी. म्हणून जाणता काळा आधी जी६ खेळून मगच उंट एफ५ वर आणतो. दोन्ही ओळी स्टडीत शेजारी शेजारी ठेवा आणि बी१ च्या घरावर लाल वर्तुळ काढा. घरावर राइट क्लिक केलं की हिरवं वर्तुळ येतं, शिफ्ट दाबून केलं तर लाल. हे चित्र एकदा नजरेत बसलं की क्रम पाठ करावा लागत नाही.

तिसरा अध्याय काळा सी५ वरून डी४ खातो त्याचा. परत खायचं ते ई-प्याद्याने. ई-फाइल अर्धी उघडते, ई१ वर हत्ती आणि ई५ वर घोडा अशी सोपी योजना मिळते. डिंगचा २०२३ चा डाव नेमका याच रचनेचा आहे; पहिल्या बारा चालींत काय कुठे ठेवायचं ते त्यात दिसतं, म्हणून तोच डाव अध्याय म्हणून आयात करा. चौथा अध्याय काळ्याने तुमची नक्कल करून उंट एफ५ वर आणण्याचा. इथे सी३ विसरा आणि सी४ खेळा, कारण त्याचा उंट बाहेर गेल्याने बी७ उघडं पडलंय. वजीर बी३ ची धमकी खरी असते, पण बी७ अधाशीपणे खायच्या आधी काळ्याचा घोडा सी६ वरून बी४ ला जातोय का ते बघा. एफ५ च्या उंटाच्या आधाराने सी२ वर शह आणि ए१ चा हत्ती, असा दुहेरी हल्ला तिथे लपलेला असतो.

किंग्ज इंडियन, म्हणजे जी६ आणि उंट जी७, हा लंडनचा दुखरा भाग आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. जी७ च्या उंटासमोर सी३-डी४ ची भिंत भक्कम असली तरी तुमचा हल्ला थंड पडतो. इथे पांढऱ्या घरांवरचा उंट डी३ वर नको, ई२ वर ठेवा. काळ्याची योजना ई५ आणि मग ई४ असते, आणि ई४ चं प्यादं डी३ चा उंट व एफ३ चा घोडा दोघांवर एकदम हल्ला करतं. एच३ मात्र इथे हवंच, घोडा एच५ ला आला की उंटाला एच२ वर बिळात जाता यावं म्हणून. ज्यांना हे फार निष्क्रिय वाटतं त्यांनी १. डी४ घोडा एफ६ २. उंट एफ४ जी६ नंतर ३. घोडा सी३ बघावा. धमकी ई४ ची असते, काळ्याला बहुधा डी५ खेळावं लागतं आणि डावाचा रंगच बदलतो. दोन्हींपैकी एकच निवडा. बाकीचे अध्याय (१...सी५, १...घोडा एफ६ २. उंट एफ४ सी५, १...एफ५) चार-पाच चालींचे असले तरी चालतील.

आता सरावाकडे. नवीन अध्याय करताना अ‍ॅनालिसिस मोडच्या यादीत 'इंटरॅक्टिव्ह लेसन' निवडा आणि दिशा पांढऱ्याची ठेवा. मग साइट काळ्याच्या चाली स्वतः खेळते आणि तुमची चाल तपासते. प्रत्येक चालीवर टिप्पणी, मागितल्यावर दिसणारी सूचना, आणि चुकीच्या चालीला दाखवायचा मजकूर लिहिता येतो. 'चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' इतकंच न लिहिता कारण लिहा: 'इथे एफ३ नको, बी१ अजून भरलेलं आहे.'

नवखे जिथे वैतागतात ती गोष्ट इथेच आहे. लेसनमध्ये फक्त मुख्य ओळ बरोबर धरली जाते. उपओळी म्हणजे चुकीच्या चालींची स्पष्टीकरणं. एकाच अध्यायात काळ्याची तीन उत्तरं कोंबलीत तर दोन कधीच विचारली जात नाहीत, आणि पांढऱ्याला दोन चांगल्या चाली असतील तर दुसरी 'चूक' ठरते. म्हणून एक उत्तर, एक अध्याय. अध्याय पहिल्या चालीपासून सुरू करण्याचीही गरज नाही, जिथे फाटा फुटतो त्या स्थितीपासून करा. नाहीतर प्रत्येक फेरीत डी४, उंट एफ४, ई३ तीच तीच टाइप केल्यासारखी खेळत बसाल.

इंजिन, म्हणजे चालींना आकड्यात भाव देणारा प्रोग्रॅम, उघडाल तेव्हा स्टॉकफिश (लिचेसचं इंजिन) २. उंट एफ४ ला फारसा भाव देणार नाही. त्याला सी४ जास्त आवडतं आणि लंडनमध्ये आकडा शून्याच्या आसपास घुटमळतो. घाबरू नका. दशांशाच्या या फरकाने १५०० च्या डावाचा निकाल ठरत नाही. इंजिनचा उपयोग उलटा करा: काळ्याच्या चुकीनंतर आकडा एकदम उसळला की थांबा आणि ती चूक पकडायची चाल स्वतः शोधा. मग त्या स्थितीवरून 'कंटिन्यू फ्रॉम हिअर' करून संगणकाशी खेळा. आठ पातळ्या आहेत; पाचवी-सहावी ठीक. खालच्या पातळ्यांवर संगणक अधूनमधून मोहरं फुकट सोडतो, त्यातून ओपनिंग शिकता येत नाही.

ओपनिंगनुसार कोडी हा विभाग ऐकायला जितका आकर्षक आहे तितका लंडनसाठी उपयोगी नाही. एक तर लंडनची ओळ चालींच्या क्रमानुसार वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेली सापडते, क्वीन्स पॉन गेमच्या पोटातही शोधावं लागतं. दुसरं, बरीच कोडी मधल्या डावातली असतात, जिथे लंडनची खूणही उरलेली नसते. त्यापेक्षा प्लेअर कप्पा दसपट कामाचा. स्वतःचं नाव टाका, रंग पांढरा निवडा. पहिल्यांदा डाव गोळा व्हायला थोडा वेळ लागतो. मग तुम्ही नेमक्या कोणत्या उत्तरापुढे हरताय ते झाडासारखं उलगडत जातं. महिन्यातून एकदा बघा आणि त्याच अध्यायात भर घाला.

उणिवांत मोठी एकच: विसरायच्या आत आठवण करून देणारी व्यवस्था लिचेसमध्ये ओपनिंगसाठी नाही. कोणता अध्याय कधी परत करायचा हे तुम्हीच वहीत लिहायचं. चेसेबलसारख्या साइटवर हेच यंत्र मध्यवर्ती आहे आणि तिथले तयार कोर्स बरेचसे पैसे देऊन घ्यावे लागतात. शिस्त नसेल, पाठांतर कोणीतरी मागे लागून करून घ्यावं असं वाटत असेल, तर तो खर्च वाया जाणार नाही. शिस्त असेल तर आठवड्यात दोनदा वीस मिनिटं, दर वेळी दोन अध्याय, एवढं पुरतं. दुसरी उणीव लहान: स्टडी बनवण्याचं काम फोनच्या पडद्यावर जिकिरीचं आहे. ते संगणकावर करा, फोन फक्त फेरी मारायला.

गुण द्यायचेच तर एक्सप्लोररला पाचपैकी पाच, स्टडीला साडेचार, इंजिनला चार, कोड्यांना दोन. ज्यांना पहिल्या दहा चालींत मारामारी हवी त्यांनी लंडनच्या वाट्याला जाऊ नये. स्टडी कितीही चांगली बनवली तरी तिसऱ्या डावात कंटाळा येईल. आणि मुलांना स्पर्धेला नेणाऱ्या पालकांसाठी एक: स्टडीतल्या 'शेअर अँड एक्सपोर्ट' मधून सगळे अध्याय पीजीएन (डावांच्या चाली साठवणारी मजकुराची) फाइल म्हणून उतरवून ठेवता येतात. सभागृहात नेट मिळेलच असं नाही, आणि फेरीआधी वजीर बी६ ची ओळ एकदा बघायची असते.